रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड सगळं टाकलं, तरी कॉम्प्युटर तसाच का?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्या घरीच डीटीपी करतात. लग्नपत्रिका, हँडबिलं, शिकवणी वर्गांच्या प्रश्नपत्रिका. कॉम्प्युटर २०१७ साली असेंबल करून घेतलेला: आय५-७४०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. काम पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि कृतिदेव फॉन्टमध्ये चालतं, प्रिंटर कॉम्प्युटरपेक्षाही जुना. गेल्या वर्षभरात त्यांनी आणखी ४ जीबी रॅम टाकली, काही फरक पडला नाही. मग एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घेतली आणि दुकानातच जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करून, म्हणजे हुबेहूब उतरवून आणली. वेग आला, पण एखाद्या सकाळी कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा रेंगाळत चालू होतो, घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं आणि कालच्या फाइल सापडत नाहीत. दोन दिवसांनी त्या परत दिसतात. मुलाने एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड आणून बसवलं, त्याचा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम) चढतच नाही. त्याच सुमारापासून भर दुपारी कॉम्प्युटर अचानक बंद पडतो. विंडोज ११ टाकायला गेल्या तर पीसी पात्र नाही असा निरोप येतो. एक दुकानदार म्हणतो टीपीएमची (विंडोज ११ मागते ती सुरक्षेची) चिप टाका, दुसरा म्हणतो भंगारात द्या आणि नवीन घ्या.

ताई, तूर्तास दोघांचंही ऐकू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोतच अर्धं उत्तर आहे. 'अबाउट'च्या पानावर रॅमपुढे ८ जीबी लिहिलंय आणि कंसात ३.४ जीबी वापरण्याजोगी. त्याच्या खालची ओळ कोणी वाचली नाही: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर. एक्स६४ म्हणजे तुमचा प्रोसेसर ६४-बिट आहे, त्याच्यावरची विंडोज मात्र ३२-बिट. घरगुती ३२-बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही, आणि त्या चारातलाही काही भाग मेमरीचे पत्ते (ॲड्रेस) वाटण्यात ग्राफिक आणि इतर हार्डवेअरकडे जातो. म्हणजे दुसरी ४ जीबी तुम्ही विकत घेतली, बसवली, पण ती आजवर कामाला लागलेली नाही.

कार्डाचंही मूळ तेच. एनव्हिडियाने ड्रायव्हरच्या ३९० मालिकेनंतर ३२-बिट विंडोजसाठी ड्रायव्हर काढणं थांबवलं, ते २०१८मध्ये. जीटीएक्स १६५० बाजारात आलं २०१९च्या एप्रिलमध्ये. तेव्हा या कार्डाचा ३२-बिट ड्रायव्हर कुठे मिळणारच नाही, मुलाला सांगा शोधणं बंद कर. "आई, गेम उघडूनच नाही राहिला" हे तो खरंच सांगतो आहे. आणि विंडोज ११ची तर ३२-बिट आवृत्तीच निघालेली नाही.

२०१७ला दुकानदाराने ३२-बिट का टाकली असेल, हे ओळखणं कठीण नाही. तेव्हा रॅम ४ जीबीच होती आणि जुनी सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर ३२-बिटवर विनातक्रार चालत. त्या दिवशी तो निर्णय चुकीचा नव्हता. घोळ नंतर झाला. रॅम विकणाऱ्याने फक्त रॅम पाहिली, एसएसडी विकणाऱ्याने फक्त डिस्क पाहिली, क्लोन करणाऱ्याने तीच ३२-बिट विंडोज जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवली. घरच्या कॉम्प्युटरमध्ये एका भागाला हात लावला की दुसरा भाग काहीतरी मागतो, त्याने तिसऱ्याकडे बोट दाखवलं की माणूस वैतागतो. म्हणून माझा आग्रह एवढाच, की हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकाच दिवशी बदलायचं नाही. एक गोष्ट बदला, दोन-चार दिवस त्यावर काम करा, मगच पुढची.

आता हरवणाऱ्या फाइलींकडे येऊ, कारण त्यात ग्राहकाचं काम बुडण्याचा धोका आहे. बाकी सगळं नंतर.

मदरबोर्डवर एक बिल्ल्याएवढा गोल सेल असतो, सीआर२०३२. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंग त्याच्यावर टिकतात. तुमचा मूळचाच असेल तर तो संपलाय. पण भिंतीतून वीज येत असेपर्यंत एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) स्टँडबाय लाइन मदरबोर्डला जागं ठेवते, म्हणून रोज त्रास होत नाही. ज्या रात्री लाइन जाते आणि यूपीएसही मान टाकतो, किंवा कोणी भिंतीवरचं बटन बंद करतं, त्या रात्री बायोस सगळं विसरतो. सकाळी घड्याळ मागे, आणि बूटचा क्रमही, म्हणजे कोणत्या डिस्कवरून आधी चालू व्हायचं तो, कारखान्यातून आला तसा. त्या क्रमात पहिली येते तुमची जुनी हार्ड डिस्क, जी कॅबिनेटमध्ये तशीच जोडून ठेवलीय आणि जिच्यावर पूर्ण विंडोज अजून जिवंत आहे.

त्या सकाळी कॉम्प्युटर एसएसडीवरून चालू होतच नाही. म्हणून रेंगाळतो. कालच्या फाइल एसएसडीवर सुखरूप असतात, पण क्लोनमुळे दोन्ही डिस्कची ओळखखूण सारखीच असल्याने विंडोज दुसरी डिस्क ऑफलाइन ठेवते, ती 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही. मग त्या दिवसाचं काम तुम्ही जुन्या डिस्कवर सेव्ह करता. कोणीतरी बायोसमध्ये जाऊन क्रम सुधारला की पुन्हा एसएसडी. दोन डिस्कवर तुमच्या कामाच्या दोन वेगवेगळ्या वह्या तयार होताहेत.

हे निस्तरताना घाई नको. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ऑफलाइन डिस्कला 'ऑनलाइन' करू नका. तसं केलं की विंडोज तिची ओळखखूण बदलते आणि त्या डिस्कवरची विंडोज पुढे चालू होईनाशी होऊ शकते. ती जुनी डिस्क आपल्याला धडधाकट हवी आहे, का ते पुढे सांगतो. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, एसएसडीची केबल काढा, फक्त हार्ड डिस्कवर चालू करा. कामाच्या सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर 'जुनी' नावाच्या फोल्डरमध्ये घ्या. मग उलट करा: फक्त एसएसडी, फोल्डर 'नवी'. दोन्हींत एकाच नावाची फाइल असेल तर तारखेवर विश्वास ठेवू नका. घड्याळ मागे गेलेल्या दिवशी सेव्ह केलेली ताजी फाइल जुनी तारीख दाखवते. उघडून डोळ्यांनी पाहा. कंटाळवाणं आहे, पण एखाद्या वर्गाची सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका त्यातच असायची.

हे झालं की सेल बदला. चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो. वेळ लावा, हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. तुमची निम्मी डोकेदुखी इथेच थांबेल, आणि वेबसाइट उघडताना कधीकधी येणारा सुरक्षा प्रमाणपत्राचा इशाराही, कारण तो चुकलेल्या तारखेमुळेच येतो.

दुसरं, दुपारी बंद पडणं. तुम्ही दोष कार्डाला देताय, कारण ते आलं आणि हे सुरू झालं. पण ड्रायव्हरच चढला नाही तर ते कार्ड नुसतं पडदा दाखवण्यापुरतं चालतंय, फारशी वीज ओढत नाही. कार्ड आलं त्याच महिन्यात नागपूरचा उन्हाळाही आला. घरात चाळीसच्या वर पारा, प्रोसेसरच्या पंख्याखाली कित्येक वर्षांची धूळ, थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. त्यात आपल्याकडे कॉम्प्युटरची जागा हमखास कूलरच्या झोतात. हवा गार लागते हे खरं, पण त्या ओल्या हवेने धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी जमते आणि हवा जायला वाटच उरत नाही. जून सुरू झाला, बाहेरही दमट झालं की त्याच ओलीने रॅमचे आणि कार्डाचे संपर्क काळे पडतात. माझ्याकडे पावसाळ्याच्या तोंडी 'चालूच नाही होऊन राहिला' म्हणून येणाऱ्या कॅबिनेटांपैकी बऱ्याच नुसती रॅम काढून, पुसून, परत बसवली की चालू होतात. टेबल हलवा. कूलर खोलीत असू द्या, झोत अंगावर घ्या, कॅबिनेटवर नको.

उष्णता की वीज, हे ओळखायची एक साधी खूण. बंद पडल्यावर लगेच चालू होत असेल तर बहुधा वीज झटकली. थोडा वेळ निपचित पडून, गार झाल्यावरच उठत असेल तर उष्णता. शंका राहिली तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद शोधा. ती फक्त एवढंच सांगते की विंडोजला नीट बंद व्हायला वेळ मिळाला नाही. तिच्यातला बगचेक कोड (निळ्या पडद्याच्या बिघाडाचा क्रमांक) शून्य असेल तर बहुधा निळा पडदा येऊन बंद झालेला नाही, ड्रायव्हरच्या मागे लागू नका. तपमान पाहायला एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश. पेजमेकरसारख्या हलक्या कामात तो नव्वदीला टेकत असेल तर साफसफाई आणि नवी पेस्ट, बस.

वीज असेल तर आधी यूपीएस पाहा. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आपल्या उन्हाळ्यात आधीच. दुपारी शेजारपाजारचे सगळे कूलर, एसी चालू असताना व्होल्टेज खाली येतं, यूपीएस बॅटरीवर जायला पाहतो, बॅटरी मेलेली, कॉम्प्युटर गेला. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, तेवढं होईस्तोवर कॅबिनेट उघडूच नका.

या चाचणीपुरतं कार्ड काढून ठेवा. तुमच्या प्रोसेसरमध्येच डिस्प्ले आहे, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली की झालं. डीटीपीला कार्डाची गरजही नाही. पुढे ६४-बिट आल्यावर कार्ड खऱ्या अर्थाने जागं होईल आणि ७५ वॅटपर्यंत ओढेल. प्रोसेसर ६५ वॅटचा. बाकी मिळून सगळा पसारा दोनशेच्या आतबाहेर, म्हणजे आकडा मोठा नाही. पण कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असतं त्यावर जाऊ नका, लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा, आणि ८० प्लस (वीज कमी वाया घालवतो याची) खूण असलेला बऱ्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस घ्या. मुलाला म्हणावं, गेम हवा तर आधी हे.

तिसरा टप्पा ६४-बिट विंडोज १०. इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे, म्हणून हातात लग्नसराईचं काम नसताना करा. ३२-बिटवरून ६४-बिटवर थेट अपग्रेड होत नाही, फॉरमॅट मारूनच जावं लागतं. लायसन्स मात्र नवीन घ्यावं लागत नाही. आवृत्ती तीच, म्हणजे होमवर होम किंवा प्रोवर प्रो ठेवली आणि मदरबोर्ड तोच असला, तर अस्सल विंडोज आपली आपण ॲक्टिव्हेट होते. अस्सल आहे की नाही हे सेटिंगमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर दिसेल, पण दुकानाने क्रॅक मारून दिली असेल तरी ते पान हिरवंच दिसू शकतं. २०१७च्या बिलावर विंडोजची ओळ आहे का, तेही काढून पाहा. नसेल तर काय ते समजा, बँकेचा व्यवहार त्यावर करू नका.

फॉरमॅटच्या आधी रॅम तपासा. अर्धी मेमरी आजवर कोणी वापरलीच नाही, ती सदोष असेल तर आताच कळणार, आणि नव्या विंडोजवर निळे पडदे आले की लोक विंडोजला शिव्या देत बसतात. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर ती पट्टी वॉरंटीत परत.

मग तुमच्या कामाची तयारी. कृतिदेव हा निव्वळ फॉन्ट आहे, त्याला बिटशी देणंघेणं नाही. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून तुमचे सगळे फॉन्ट कॉपी करून ठेवा. सगळे म्हणजे सगळे, कारण कृतिदेव ०१० आणि त्याच्या भावंडांच्या फाइली सारख्या दिसतात आणि एक राहिली की जुनी पत्रिका उघडल्यावर मजकुराऐवजी कचरा दिसतो. पेजमेकर ७ हे २००१चं, ३२-बिट सॉफ्टवेअर. ६४-बिट विंडोज १०वर ते कुरकुरत का होईना चालतं, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं. खरी अडचण १६-बिटची. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम अजिबात चालवत नाही, आणि काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम ३२-बिट असला तरी त्याचा इन्स्टॉलर १६-बिट निघतो. डॉसमधलं एखादं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर ते डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालेल. टायपिंगचं एखादं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर (पेनड्राइव्हसारखी किल्ली, जी लावल्याशिवाय ते उघडत नाही) चालत असेल तर त्या लॉकचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का, हे कंपनीला फोन करून विचारा, अंदाज नको.

प्रिंटरचं तसंच. जुने स्वस्त लेझर प्रिंटर पानाची आखणी स्वतः करत नाहीत, ती कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर करतो. म्हणून ड्रायव्हर नाही तर प्रिंटर म्हणजे नुसता डबा. तुमच्या मॉडेलचा विंडोज १० ६४-बिट ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून फॉरमॅटच्या आधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. मिळालाच नाही तर फॉरमॅटच थांबवा आणि आधी प्रिंटरचा निर्णय घ्या.

आणि ती जुनी हार्ड डिस्क. तिच्यावर तुमची ३२-बिट विंडोज, पेजमेकर, प्रिंटर सगळं लागलेलं आहे. फॉरमॅट फक्त एसएसडीला, ते करताना हार्ड डिस्क जोडलेली नको. नवीन व्यवस्थेत एखादं सॉफ्टवेअर अडलं आणि ग्राहक दारात उभा असला, तर एसएसडीची केबल काढून तिची लावा, काम काढून द्या. म्हणून तिला धडधाकट ठेवायची. चार-सहा महिने कपाटात राहू द्या, तिच्यावर दुसरं काही साठवू नका.

एक बारीक सूचना. ड्रायव्हर टाकल्यावर 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं आणि 'रीस्टार्ट' करणं या विंडोज ८पासून वेगळ्या गोष्टी आहेत. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत येतो. कोरी सुरुवात हवी तर रीस्टार्टच.

आता विंडोज ११. टीपीएमची चिप विकत घेऊ नका. तुमच्या पिढीच्या बहुतेक बोर्डांच्या बायोसमध्ये इंटेल पीटीटी नावाने टीपीएम २.० आधीच असतं, फक्त चालू करायचं राहिलेलं असतं. पण ते चालू करून, सिक्युअर बूट ही बायोसमधली दुसरी सेटिंग लावूनही निरोप येणारच, कारण अट प्रोसेसरची आहे. इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढे, सातव्यातले मोजके अपवाद सोडून, आणि आय५-७४०० त्यात नाही. आठव्या पिढीचा प्रोसेसर याच सॉकेटमध्ये बसतो असं कोणी सांगेल. बसतो खरा, एच११०वर चालत नाही. अटी चुकवून ११ चढवायच्या युक्त्याही आहेत. मुलाच्या कॉम्प्युटरवर चालेल, पोटापाण्याच्या कॉम्प्युटरवर मी करत नाही, कारण अशा ठिकाणी अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही आणि दर मोठ्या आवृत्तीला तोच खटाटोप पुन्हा.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा असतो. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं, सेटिंगचा बॅकअप त्या खात्यावर चालू केला तर पैसे लागत नाहीत. ६४-बिट टाकून झालं की पहिलं हे करा.

लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम या मशीनवर सुरेख चालेल, युनिकोड मराठीही उत्तम. पण तुमचं काम पेजमेकरमध्ये अडकलंय, तेव्हा तो विषय आज नको.

ती मुदत संपल्यावर मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलायचेच आहेत असं धरून चाला, आणि म्हणून या बोर्डासाठी आता दुसरं काही विकत घेऊ नका. तुमची एसएसडी, नवा एसएमपीएस, कार्ड, कॅबिनेट पुढच्या बोर्डावर जसेच्या तसे चालतील. रॅमबाबत मात्र बोर्ड घेताना विचारा. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की हातातली ८ जीबी, जी बहुधा डीडीआर४ प्रकारची असेल, फेकण्यात शहाणपण नाही. एच६१० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतो, दिसायला सारखाच, तेव्हा डीडीआर४वाला मागा. एएमडीत एएम४ सॉकेट घेतलं तर तुमची रॅम चालेल, एएम५ला नाही. बिलावर बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. विंडोज मूळ मशीनसोबत आलेली ओईएम असेल तर ती जुन्या बोर्डासोबतच राहते, वेगळी विकत घेतलेली रिटेल असेल तर नव्यावर नेता येते. 'लायसन्सचे वेगळे पैसे लागतील का' हा प्रश्न पैसे मोजायच्या आधी दुकानात विचारा, घरी आल्यावर नाही.